पावण्यांचं दूध

खडू कानामागं खोचून सर वर्गाला म्हणायचे, "अर्थ नको. घरातलं वाक्य सांगा."

आम्ही दोघं एकाच ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. ते माझ्याहून बरेच मोठे, मूळचे गारगोटीकडचे. 'ड्रॉप इन' हे त्यांचं लाडकं क्रियापद. न कळवता, जाता जाता कुणाकडं डोकावणं. माणूस असेल तर पुढं 'ऑन', घर असेल तर 'ॲट', एवढं फळ्यावर लिहून ते वळायचे. "फोन करून आला तर ते ड्रॉप इन न्हाय. ती मीटिंग."

"आणि सर, जेवायच्या वेळेला आला तर?" मागच्या बाकावरून कुणीतरी.

"त्याला कोल्हापूर म्हणतात. बस खाली."

सर निवृत्त झाले, पाठोपाठ वहिनी गेल्या. मुलगा पुण्याला. रंकाळ्याजवळच्या घरात सर एकटे. गवळ्याकडून रोज कपभर दूध जास्त घ्यायचे, पावण्यांचं म्हणून. कोणी आलं नाही की झोपण्याआधी त्याला विरजण लावायचे. मला हे माहीत होतं, कारण फोनवर तेच सांगायचे. "काल दहीच झालं बघा." मग म्हणायचे, "जाता-येता ड्रॉप इन करा की."

"येतो सर, रविवारी नक्की."

"रविवारी न्हाय हो. कधीतरी."

तुम्हीही कुणाला असं 'येतो' म्हणाला असाल. माझं घर मात्र त्यांच्याच रस्त्यावरून पुढं. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटर आपोआप हळू व्हायची. गेटपाशी त्यांचा पांढरा सदरा दिसायचा. मी समोर बघत पुढं निघायचो. कामं होती, असं इतकी वर्षं सांगत आलो. कामं नव्हती. एकटा माणूस लवकर उठू देत नाही, त्याचा मला कंटाळा होता. पहिल्या वर्षी पोरांपुढं उभं राहायची मला भीती वाटायची, तेव्हा हेच सर माझ्या वर्गात मागं येऊन बसायचे.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचे फोन थांबले. आधी बरं वाटलं. हेही आता लिहून टाकतो.

मग एका संध्याकाळी, काही न ठरवता, गल्लीत वळलो. गेटला कुलूप. शेजारची बाई दोरीवरचे कपडे काढत होती.

"सर व्हय? पोरगं पुण्याला घिऊन गेलं. आता कुणाला वळखत न्हाईत म्हणं." कपडे खांद्यावर टाकत ती म्हणाली, "सकाळी दह्याची वाटी यायची आमच्याकडं. येवढं दही कशाला लावताय म्हटलं, तर नुसतं हसायचे."

मी कुलपाकडंच बघत राहिलो. तिला वाईट वाटलं असावं.

"आधी फोन करून यायचं की, पावणं."