सगळं पोरांच्या नावं लिहा

मृत्युपत्रं करून देणाऱ्या वकिलाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते वारसांसारखे आपणहून येतात. शहागंजातल्या माझ्या ऑफिसात वीस वर्षांत इतके साठलेत की फाइलींपेक्षा तेच जास्त जागा खातात. माणूस जिवंतपणी कायद्याला जुमानत नाही ते एक वेळ ठीक, पण मेल्यावरही आपलंच चालावं ही काय हौस!

*

वैजापूरचे एक कांदा व्यापारी मिळकतींची लांबलचक यादी घेऊन आले. यादीत शेवटी एक दुकान होतं. कागद बघितले तर ते धाकट्या भावाच्या नावावर. जे आपलं नाही ते विलात देता येत नाही, असं मी सांगितलं.

"दावा चालू आहे ना साहेब," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही लिहून ठेवा. कोर्टात दाखवायला एक कागद होईल."

*

एका निवृत्त प्राध्यापकांना फ्लॅट मुलाला द्यायचा होता, पण अट होती. मुलानं रोज पहाटे पाचला उठायचं. तुमच्या माघारी हे तपासणार कोण, असं मी विचारलं. सरांनी गंभीरपणे विचार केला आणि माझं नाव सुचवलं.

मी आठला उठतो म्हटलं. तेव्हापासून सर माझ्याशी बोलत नाहीत.

*

करमाडचे आप्पा मुलीच्या, सुनंदाच्या, स्कूटरवर बसून आले. तिला बाहेर बाकावर बसवून त्यांनी दार लोटलं.

"सगळी जमीन दोन्ही पोरांच्या नावं लिहा. पोरीला काय नाय."

जमीन वडिलोपार्जित, बायको वारलेली. मी समजावलं, यात चौघांचा सारखा हिस्सा आहे, मुलीचाही. विलानं तुम्हाला फक्त तुमचा चौथा हिस्सा देता येईल. मग हक्कसोडपत्रावर तिची सही घ्या, म्हणाले. एक साडी नेसवली की बहिणी सही करतात, ही आपल्याकडची मोठी स्वस्त सोय.

सुनंदाला आत बोलावलं. "माझं मी सोडणार नाय, आप्पा," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही कुणालाबी द्या."

आप्पांनी चिडून आपला चौथा हिस्सा पोरांना लिहायला लावला. टाइप होऊन आलं तेव्हा कळलं, चष्मा घरी राहिलाय. घरी म्हणजे सुनंदाच्या घरी, दोन वर्षांपासून आप्पांचा मुक्काम तिथंच.

मी वाचणार तोच सुनंदानं कागद हातात घेतला. "माझे दोन्ही मुलगे मला म्हातारपणी सांभाळतात, म्हणून माझा हिस्सा त्यांना देत आहे," इथपासून शेवटपर्यंत तिनं एका सुरात वाचलं. सांभाळण्याचं ते वाक्य माझ्या ठरावीक मसुद्यातलं होतं. मग तिनं पर्समधून आप्पांची गोळी काढून टेबलावर ठेवली.

"सही करा, मंग जेवू. उपाशीपोटी ही चालत नाय."

आप्पांनी पेन उघडलं आणि परत बंद केलं.

"वकीलसाहेब, ते सांभाळतात म्हणलेलं तेवढं खोडा. खोटं कशाला लिहायचं."

मी खोडलं. "आणि हिस्सा?"

"तो राहू द्या पोरांलाच."