कोंडा म्हशीले, कोलेस्टेरॉल बाबांले

मंडळी, दुपारपासून डोकं चालेना, तुम्हीच सांगा.

बाबांचं कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून आज त्यांना भंडाऱ्याला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, म्हशीच्या दुधाची साय बंद करा, आणि वनस्पतींतलं स्टेरॉल बरंचसं कोलेस्टेरॉलसारखंच असतं. जेवणासोबत गेलं की आतड्यात त्याची जागा अडवतं, मग कोलेस्टेरॉल रक्तात कमी जातं.

बाबांनी विचारलं, "कायच्यात भेटते हे?"

"तांदळाच्या कोंड्यातही असतं."

कालच बाबांनी मिलवरून तांदूळ दोनदा पॉलिश करून आणला, पांढराशुभ्र. कोंडा सगळा म्हशीपुढे टाकला.

परतताना एसटीत म्हणाले, "कोंडा खाते म्हैस. मंग तिच्या सायीनं माहं कोलेस्टेरॉल काहून वाढलं?"

तुमच्या घरी कोंडा कोण खातं?