मोरझिऱ्याची माशी

सुरगाण्याकडच्या मोरझिरा पाड्यावरची कुसाबाई गावित म्हणजे शाळा चौथीपर्यंत, पण हट्टात कुणाला हार जाणार नाही. तिच्या उतारावरच्या नागलीत, म्हणजे नाचणीत, खोडकिडा पडायचा. एखाद्या अळीच्या पाठीवर तांदळाच्या कणीएवढे पांढरे दाणे चिकटलेले असायचे. अख्खा पाडा सांगायचा, ही अळीची अंडी, दिसली की चिरडा! कुसाबाईनंही वीस वर्षं चिरडली. मग एका भादव्यात तिच्या मनात आलं, बघू तरी. तसली एक अळी औषधाच्या रिकाम्या बाटलीत घातली अन् तोंडाला लुगड्याची चिंधी बांधली. आठ दिवसांनी दाण्यांतून निघाल्या काळ्या, मुंगीहून बारीक माश्या. अळी मात्र मेलेली!

"बायांनो, वीस वरसं आपण राखणदारच मारले!" ती पाडाभर ओरडत फिरली.

नाशिकच्या कॉलेजातली वैष्णवी तेव्हा किडे गोळा करायला पाड्यावर आलेली. तिनं त्या माश्या नेल्या अन् वर्षभर सूक्ष्मदर्शकाखाली पंखांच्या शिरा, मिशांचे सांधे ताडून पाहिले. कुठल्याच नोंदीशी मेळ बसेना. जात नवी! पण मिळालेले सगळे नर निघाले. नाव द्यायचं तर मादी हवी. मग कुसाबाई पुढच्या हंगामात सात जिवंत माद्या बाटलीत घेऊन एसटीनं नाशकात उतरली. मादी ओळखायची कशी, ते तिला ठाऊक होतं. शेपटाशी सुई असते.

वैष्णवीचे सर खुशीत म्हणाले, "आणा आजी. आपल्या कॉलेजच्या अध्यक्षसाहेबांचं नाव देतोय हिला."

कुसाबाईनं बाटली परत पिशवीत टाकली. "सायेब नागली निंदाया आल्ते काय?"

"बरं, तुमचं देऊ."

"माझं कशाला? मी आज हाय, उद्या नाय. मोरझिऱ्याचं द्या. मोजणीवाले येत्यात न् आमच्या उताराला पडीक लिहून जात्यात. पडीकात अशी माशी निपजती व्हय?"

"शास्त्रात असं चालत नाही, आजी."

वैष्णवी मध्ये पडली. "चालतं, सर. गावावरून नाव देता येतं. आणि वर्णन मी लिहिलंय."

"अन् तुझ्या प्रबंधावर सही कोण करणार?" सरांचा आवाज चढला.

"त्या पोरीला दम नका देऊ," कुसाबाई उठलीच. "माश्या दोन दीस जगत्यात. सांगा बिगी, नायतर माझी गाडी हाय."

सरांनी पिशवीकडे पाहिलं, वैष्णवीकडे पाहिलं. कुसाबाई अन् वैष्णवी, दोघींपैकी एकही खाली बघेना. शेवटी त्यांनी कागद पुढे सरकवला. वैष्णवीनं माशीचं नाव अन् ती कुठल्या पिकात सापडली, ते मराठीत लिहिलं. कुसाबाईनं बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, मोरझिरा, नागली, आणि मग बाटली काढली.

एकेक माशी स्पिरिटात गेली. सहावीनंतर तिनं चिंधी पुन्हा आवळली.

"अजून एक आहे ना?" सर म्हणाले.

"ती माझ्यासंगं परत जाईल. तिला तिकडं काम हाय."