काच धुणारे

“ए हवालदार, हलू नको! नोड्रो, बघा कसा लोंबतोय! डोकं खाली, पाय वर!”

वसंत ओरडला आणि हसला. मग बाकीचे हसले. मी लांब, उन्हात, लाल-काळ्या आकड्यांचा उंच दांडा छातीशी धरून उभा. जमिनीचा चढ-उतार मोजायची ती जुनी दुर्बीण. तिच्यातून माणूस उलटा दिसायचा. पाळीपाळीनं त्यांनी मला उलटा टांगला. मोजणी शिकवणारे सरही हसले.

हे अमरगोळच्या बाजूच्या माळावर. लढाई संपून थोडी वर्षं झाली होती. हुबळीत इंजिनियरिंगचं नवं कॉलेज निघालं होतं आणि फौजेतून सुटून आलेल्यांसाठी डिग्रीच्या वर्गात काही जागा ठेवल्या होत्या. देशाला रस्ते हवेत, पूल हवेत, लढणाऱ्यांनी आता बांधायला यावं, असं भाषण झालं. टाळ्या झाल्या. त्या जागांवर आम्ही दोघं. मी अळणावरकडचा, बाप लाकडाच्या डेपोत ओंडके ओढणारा. यल्लप्पा कलघटगीचा. दोघांचीही वस्ती गावाबाहेरची, शिवायची नाही अशी. दोघंही इंटर होऊन फौजेत गेलो होतो, ब्रह्मदेशात पूल बांधणाऱ्या तुकडीत होतो. तिथं एकाच डबक्यातलं पाणी सगळे प्यायलो. कुणाची जात ढवळून वर आली नाही.

इथं दांडा कायम आम्ही धरायचा. दुर्बिणीला डोळा लावायचा तो त्यांनी. सर गोड बोलायचे. “तुम्ही फौजी लोक. ताठ उभं राहावं तर तुम्हीच. ह्या पोरांचे हात हलतात.” कौतुकच ते. कौतुक करत करत माणसाला खुंटासारखं रोवायची विद्या त्यांना चांगली येत होती. खरं कारण वर्गाला माहीत होतं. डोळा लावला की पापणी काचेला टेकते. आमची पापणी टेकलेल्या काचेला त्यांची कशी टेकणार?

वसंत कापडपेठेतल्या बड्या दुकानदाराचा मुलगा. घराणं मूळचं मिरजेकडचं. पाटलोण घालायचा, इंग्रजी झाडायचा, आणि पिण्याच्या पाण्याचा तांब्या घरून आणायचा.

एकदा सर झाडाखाली डबा खात होते. मी समोर दांडा धरून होतो. यल्लप्पा सरळ दुर्बिणीपाशी गेला आणि डोळा लावला.

“अण्णा! तू दिसतोस की रे! मिशी पण दिसती!”

एवढा खूश मी त्याला नंतर कधी पाहिला नाही.

वसंतनं शांतपणे तांब्या उचलला आणि डोळा लावतात त्या काचेवर पाणी ओतलं. रुमालानं पुसली. पुन्हा ओतलं. इंजिनियर व्हायला निघालेला माणूस! नळीत पाणी शिरलं की दुर्बीण वाया जाते, हे त्याला शिकवलेलं होतं. पण शिकवलेलं वहीत राहतं. सोवळं अंगात असतं.

दुपारी दुर्बिणीत नुसतं धुकं. सरांचा चेहरा उतरला. कॉलेजची नवी वस्तू.

“कोणी बिघडवली?”

“यल्लप्पानं डोळा लावला होता, सर,” वसंत म्हणाला.

“पाणी ह्यांनी ओतलं री,” यल्लप्पा म्हणाला. “अण्णाला विचारा.”

सर माझ्याकडे वळले. “तू सांग. यल्लप्पानं डोळा लावला की नाही?”

“लावला, सर.”

“बास.”

मी खोटं बोललो नाही. इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आलो. विचारलं तेवढं सांगितलं. पाण्याचं कुणी विचारलं नाही. फौजेत डोक्यावरून विमानं जात असताना मी पुलावर पाय रोवून होतो, आणि इथं एका तांब्यापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटली. जागा जाईल, डिग्री जाईल, बापाशेजारी ओंडक्याला खांदा द्यावा लागेल. भित्रा होतो. दुसरा शब्द नाही.

यल्लप्पाला काढून टाकलं. जाताना त्यानं मला शिवी दिली नाही.

वर्ष सरलं. नवी दुर्बीण आली. परीक्षेला प्रत्येकानं स्वतः मोजणी करून दाखवायची होती. त्या सकाळी सरांनी मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात नाही ठेवला, हात जवळ आणून मागे घेतला.

“तू दांडा धर. आकडे वसंतचे उतरून घे. मी सही करतो. पास करतोय ना तुला? मग झालं.”

दयाळू माणूस! मला इंजिनियर करणार होता, फक्त मी काही बघायचं नव्हतं.

मी दांडा मातीत आडवा ठेवला. चालत दुर्बिणीपाशी गेलो.

“वसंतराव, तांब्या आणा. मी आता डोळा लावतोय. नंतर धुवा. पण सरांसमोर धुवा.”

कुणी हसलं नाही.

“सर, मागची दुर्बीण ह्यानं बिघडवली. पाणी ओतून. मी पाहिलं होतं.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, “ओतलं असेल पाणी. पण यल्लप्पानं डोळा लावला नसता तर ह्यानं ओतलं असतं का?”

हे विद्वान! ह्यांच्या हाताखाली शिकून मी पूल बांधणार होतो. त्या क्षणी सरांची भीती गेली. आदर तर आधीच गेला होता, मला कळलं नव्हतं एवढंच. अशा माणसाच्या सहीसाठी मी यल्लप्पाला विकलं होतं.

मी वाकलो. डोळा लावला. मला मोजणी करायची होती, पण समोर दांडा धरायला कुणी जाईना. एकही नाही. सगळ्यांचे हात अचानक मऊ झाले होते. मी तसाच वाकून राहिलो. ऊन चढलं. शेवटी सरांनी परीक्षा बंद केली आणि माझ्या नावापुढे नापास लिहिलं. कारण, शिस्तभंग.

पुढच्या वर्षी पुन्हा त्याच वर्गात बसलो. तेव्हा मोजणी केली, स्वतःच्या डोळ्यानं. दांडा कॉलेजच्या शिपायानं धरला. डिग्री घेतली.

यल्लप्पा आज कलघटगीच्या रस्त्यावर मुकादम आहे आणि तो रस्ता माझ्या हाताखाली आहे. मला ‘साहेब’ म्हणतो. माफी मागावी असं पुष्कळदा ओठावर येतं. मागणार नाही. भला माणूस आहे, देऊन टाकील, आणि मी सुटेन. मला सुटायचं नाही.

सरांचा सत्कार ठरला आहे. ‘सरांनी घडवलेला फौजी विद्यार्थी’ म्हणून दोन शब्द बोलायला मला बोलावलं आहे. वसंत आता सरकारात मोठा इंजिनियर आहे, तो पहिल्या रांगेत असणार. मी जाणार आहे. विचारलं तेवढंच सांगायची सवय मी सोडली. यल्लप्पाचं नाव घेणार, पाणी कुणी ओतलं ते सांगणार, आणि मी कसा गप्प बसलो तेही. मग हार कुणाच्या गळ्यात घालायचा ते त्यांनी ठरवावं.