चौथं बेअरिंग

लहानपणीच्या खोड्या आठवून डोळे पाणावणारी माणसं मला सहन होत नाहीत. काय ते दिवस, काय ती मजा, असं कुणी सुरू केलं की मी पँट गुडघ्यापर्यंत वर करून दाखवतो. ही खूण गवताच्या गंजीवरून छत्री उघडून उडी मारली तेव्हाची. छत्री उलटी झाली, मी सुलटा पडलो. हनुवटीखालची खूण ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून तळं ओलांडताना ट्यूबची हवा भरायची नळी लागली ती. कोपराचं तर विचारूच नका. मजा झाली, नाही असं नाही, पण ती बहुतेक माझ्या ताईला झाली. माझ्या वाट्याला आयोडीन आलं.

ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. आज पासष्टी ओलांडून पाण्याचे पंप आणि मोटारी दुरुस्त करते, आणि आजूबाजूच्या गावांत तिला सगळे मिस्त्रीण म्हणतात. तिचं खरं नाव पोस्टमनलाही आठवत नाही. बिघडलेल्या मोटारीला ती आधी हात लावत नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटारीवर टेकवते, त्याची मूठ कानाला लावते आणि डोळे मिटते. मालक जीव मुठीत धरून उभा असतो. मग ती डोळे उघडते आणि म्हणते, "मागचं बेअरिंग गेलंय." ती चुकावी म्हणून मी पुष्कळ वर्षं वाट पाहिली. अजून पाहतोच आहे. मी स्वतः शाळेत कारकून होतो, आणि घरातला मिक्सर बंद पडला तरी मला तो शेजाऱ्यांचा आहे असं वाटत राहतं.

हे काम तिला बाबांकडून आलं. घराला लागून एक पत्र्याची खोली होती, तिला आम्ही कारखाना म्हणायचो. आत एक अवजड लाकडी टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने, तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि कायमचा रॉकेलचा वास. बाबांचा नियम एकच. कोपऱ्यातल्या गंजक्या डब्यातलं काय हवं ते घ्या, टेबलावरच्या वस्तूला हात लावायचा नाही. ताई शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि थेट टेबलाशी जाऊन उभी राहायची. बाबांनी काढलेले भाग ती रॉकेलमध्ये धुवायची, फडक्यानं कोरडे करायची, बॅटरी धरायची. आई म्हणायची, "अगं, मुलीचे हात आहेत की ग्रीसचा डबा?" ताईला ऐकूच जायचं नाही. तिला फक्त बाबांच्या शेजारी उभं राहायचं होतं. बाकी जगात काय चाललंय त्याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

त्याच गंजक्या डब्यातून आमच्या सगळ्या भानगडी जन्माला यायच्या. ती बारा वर्षांची आणि मी नऊ वर्षांचा असताना तिनं गाडी बनवायला घेतली. मोडक्या पेटीची फळी, खाली दोन दांडे, दांड्यांच्या टोकांना चाकं म्हणून चार जुनी बेअरिंगं. पुढचा दांडा दोरीनं वळायचा. ब्रेक म्हणजे टायरचा एक तुकडा, तो टाचेनं दाबायचा. ताई दोरी धरणार आणि मी पुढे बसणार. "मी पुढे का?" असं मी एकदा विचारलं. "पुढे वजन लागतं," ती म्हणाली. म्हणजे धोंडा चालला असता, पण धोंडा आपल्या पायानं चालत येत नाही.

तीन चाकं छान फिरत होती. चौथं अडकायचं, आणि उतारावर गाडी त्या बाजूला वळून काटेरी झुडपात शिरायची. काटे काढायला आई, आणि काटे रुतायला मी. शेवटी ताई मला म्हणाली, "डब्यातून एक बरंसं बघून आण, आणि तूच बसव. मी ब्रेक नीट करते."

मी डबा उपसला. एकही धड नव्हतं. आणि समोर टेबलावर, वर्तमानपत्रावर, पिठाच्या गिरणीच्या मोटारीसाठी शहरातून आणलेली दोन नवी बेअरिंगं चकाकत होती. शेजारी त्याच मोटारीतून काढलेली दोन जुनी. माप तेच, नंबर तोच. बाबा अंघोळीला गेले होते. एक जुनं बेअरिंग मी रॉकेलमध्ये बुडवलं, वर बोटभर ग्रीस फासलं आणि नव्याच्या जागी ठेवलं. अगदी सख्खे भाऊ दिसत होते. त्या वेळी मला माझ्याच हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी स्वतःशीच हसलो. नवं चाक मी गाडीला बसवलं आणि ताईला सांगितलं, डब्यात तळाशी सापडलं.

बाबा अंघोळीहून आले, बेअरिंगं उचलली आणि गिरणीकडे गेले. एरवी ते प्रत्येक बेअरिंग बोटावर फिरवून कानाशी धरत. त्या दिवशी धरलं नाही. आदल्याच दिवशी स्वतः आणलेला माल, त्यात काय बघायचं!

दुपारी आम्ही गाडी पाण्याच्या टाकीपाशी चढवली. तिथून रस्ता सरळ उतरतो तो गिरणीच्या अंगणात. ताईनं ढकललं आणि उडी मारून मागे बसली. त्या आधी गाडी खडखडत जायची. त्या दिवशी ती सुटली. मी फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. एक कोंबडी आडवी आली आणि मी डोळे मिटले, त्यामुळे तिचं पुढे काय झालं ते मला सांगता येणार नाही. ताई मात्र मागून आनंदानं किंचाळत होती. टायरचा तुकडा अर्ध्या वाटेतच उडाला. दळणाचे डबे घेऊन उभी असलेली रांग दुभंगली आणि आम्ही अंगणातल्या भुशाच्या ढिगात कमरेपर्यंत घुसलो.

भुसा झटकत बाहेर येतो तोच आत मोटार सुरू झाली, आणि अशी किंचाळली की रांगेतल्या बायांनी कानांवर हात ठेवले. बाबांनी ती बंद केली, पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. गिरणीवाला कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मिस्त्री, दुरुस्तीच्या आधी निदान दळत तरी होती." लोक हसले. बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी तारा तपासल्या, पट्टा तपासला. बेअरिंग त्यांच्या मनातच येईना.

भुसा माखलेली ताई पुढे झाली. तिनं मोटार पुन्हा सुरू करायला लावली, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि कानाला लावला. "बाबा, बेअरिंग आहे."

"नवीन आहे ते."

"नवीन असं वाजत नाही."

बाबांनी मोटार उघडली. बेअरिंग हातात घेतलं, अंगठ्यानं ग्रीस पुसलं आणि बघतच राहिले. "हे तर मी काल काढलेलं," ते पुटपुटले. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "जुनंच काढून जुनंच बसवलं की हो!" मग जो हशा पिकला तो मला आजही ऐकू येतो.

ताईनं वळून भुशातल्या गाडीकडे पाहिलं. त्या चौथ्या चाकाकडे. मग माझ्याकडे. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मी बदललं, बाबा. गाडीसाठी."

बाबांनी गाडीचं चाक काढून फिरवलं. आत वाळू करकरली. तेही कामातून गेलं होतं. ते गिरणीवाल्याकडे वळून म्हणाले, "चूक माझी. न तपासता बसवलं. परवापर्यंत दुसरं आणून देतो." मग सगळ्यांच्या देखत ताईला म्हणाले, "आजपासून कारखान्यात पाऊल टाकायचं नाही." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ताईनं फक्त मान हलवली. घरी पोचलो तरी मी खरं काय ते सांगितलं नाही. मी भ्यालो होतो, दुसरं काही नाही.

तिच्या जागी बाबांनी मला घेतलं. मी धुतलेले भाग पुन्हा धुवावे लागत. बॅटरी धरली तर उजेड बाबांच्या डोळ्यांवर. आणि ताई? तिनं आत पाऊल टाकलं नाही. खिडकीबाहेर एक दगड ठेवला, त्यावर गृहपाठ घेऊन बसायला लागली, आणि वहीतून मान वर न काढता बोलायची, "बेअरिंग नाही, बाबा. पंखा घासतोय." बाबा ऐकू न आल्यासारखं करायचे. पाच मिनिटं इकडेतिकडे करून मग हळूच पंख्याचं झाकण काढायचे. पंखाच घासत असायचा. असे चार महिने गेले. ती वहीत गणितं कमी आणि मोटारी जास्त काढायची. एकदा मी खिडकीतून पाहिलं तर तिनं बाहेरच्या भिंतीला कान लावला होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाबांसमोर उभा राहिलो. "बाबा, ते बेअरिंग मी बदललं होतं. ताईला माहीतही नव्हतं."

"मला माहीत आहे," बाबा पाना फिरवत म्हणाले.

"कधीपासून?"

"गिरणीत उघडलं तेव्हापासून. ग्रीसच्या खाली रॉकेल होतं. ती कोरडं केल्याशिवाय ग्रीस लावत नाही. एवढा गचाळपणा आपल्या घरात एकच जण करतो."

"मग तिला का बाहेर काढलंत?"

"माझ्यासमोर खोटं बोलली म्हणून. कुणाला वाचवायला बोलली, ते कळलं मला. पण मोटारीत काय बिघडलंय हे विचारलं की खरं तेच सांगायचं. तिला हे काम करायचंय ना?"

खिडकीबाहेर पेन्सिलीचा आवाज थांबला होता.

"मग आता येऊ द्या ना तिला."

"सगळ्या गावासमोर बोललोय. पाऊल टाकायचं नाही म्हणजे नाही."

मी भोकाड पसरलं. बाबांनी मला रडू दिलं. मग त्यांनी टेबलावरचे पाने, स्क्रूड्रायव्हर, तारेची भेंडोळी एकेक करून जमिनीवर ठेवायला सुरुवात केली. टेबल रिकामं झालं. "रडणं झालं असेल तर ते टोक धर."

"कुठे न्यायचं?"

"बाहेर. तिनं आत यायचं नाही, असं म्हणालो होतो. मी बाहेर बसायचं नाही, असं कुठे म्हणालो होतो?"

मी नाक पुसलं आणि टोक धरलं. टेबल दारातच अडकलं आणि माझी बोटं चौकटीत चेमटली. बाहेरून ताईचा आवाज आला, रडका, पण खणखणीत, "आडवं करा! आधी पाय बाहेर काढा!"

बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "ऐकलंस ना मिस्त्रीण काय म्हणतेय? कर आडवं."