मालकाचा रकाना

त्या गुरुवारी सकाळी बरोबर सात वाजता मला अण्णांचा मेसेज आला, आणि साडेनऊला त्यांच्या शेजारच्या पद्मक्कांचा फोन आला की अण्णा दार उघडत नाहीत. पद्मक्का आठवडाभर म्हैसूरला लेकीकडे गेल्या होत्या. सकाळी परतल्या तर अण्णांच्या दाराशी तीन दिवसांचे पेपर तसेच पडलेले. मी मीटिंगच्या खोलीच्या दारात उभी होते. मी त्यांना अगदी ठामपणे सांगितलं की अहो अक्का, आत्ता सातला तर मेसेज आलाय त्यांचा, अंघोळीला गेले असतील, नाहीतर बाजारात. आणि फोन बंद करून मी आत गेले. तासाभराने बाहेर आले तर स्क्रीनवर पद्मक्कांचंच नाव, एकाखाली एक... माझं ऑफिस आणि घर दोन्ही महादेवपुऱ्यात, अण्णांचं जयनगर शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे पोहोचून माझ्याकडच्या किल्लीने मी दार उघडलं. अण्णा पलंगावर होते, कुशीवर, पांघरूण नीट घेतलेलं. डॉक्टर म्हणाले, सोमवारी रात्रीच झोपेत गेले असावेत. म्हणजे मंगळवार, बुधवार, गुरुवार, तीन सकाळी मला मेसेज येत होता आणि मी त्याला उत्तर म्हणून अंगठ्याचं चिन्ह पाठवत होते. पलीकडे कुणी नव्हतंच.

हे कसं झालं ते सांगायचं तर अण्णा काय काम करायचे ते आधी सांगायला हवं. त्यांचं नाव शेषगिरीराव, पण आमचं सगळं ऑफिस त्यांना अण्णा म्हणायचं. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इकडचंच. त्यामुळे त्यांच्या मराठीत थोडंसाठी ‘स्वल्प’ आणि ठीक आहेसाठी ‘सरी’ असे मुरलेले होते की त्यांना ते कानडी शब्द आहेत हे सांगूनही पटायचं नाही. मी नागपूरची, नोकरीसाठी इथे आलेली, तोंडाला लगाम नसलेली. आमची कंपनी गोदामांचा कारभार चालवणारी सॉफ्टवेअर करते, आणि अण्णांचं खातं जोखमीचं. कुठलंही काम सुरू होण्याआधी त्यात काय काय बिघडू शकतं हे शोधायचं, आणि ते बिघडलं तर कुणी काय करायचं ते ठरवून ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. कुठल्याही प्रोजेक्टच्या पहिल्या मीटिंगला सगळे नवे कपडे घालून, केक कापायच्या तयारीत आलेले असायचे, आणि अण्णा शांतपणे म्हणायचे, समजा हे काम पुरतं बुडालंय, आता एकेकानं लिहून द्या, का बुडालं. लोक त्यांना मागून अपशकुनी म्हणत. मी तोंडावर म्हणाले, अण्णा, ही मीटिंग म्हणजे जिवंतपणीच घातलेलं तेरावं आहे. त्यावर ते खळखळून हसले. म्हणाले, तेराव्याला निदान जेवण तरी असतं की ग, इथं नुसती बिस्किटं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

ऑफिसात सगळं कॉम्प्युटरवर असायचं, पण अण्णांची स्वतःची एक लांबट वही होती. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले चार रकाने. काय होऊ शकतं, पहिली खूण काय, तेव्हा काय करायचं, आणि शेवटचा रकाना, मालक. या शेवटच्या रकान्यावरून ते सगळ्यांशी भांडायचे. आम्ही तिथे ‘टीम’ लिहायचो, ‘ऑपरेशन्स’ लिहायचो. ते खोडून टाकत आणि म्हणत, टीमला ताप येतो का? टीम घाबरून उठते का? एका माणसाचं नाव लिही. तो माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी दुसरं नाव. बिनमालकाची ओळ रात्रभर ठेवायची नाही, हा त्यांचा नियम. मला तेव्हा हा सगळा म्हातारपणाचा हट्ट वाटायचा, खोटं कशाला सांगू.

माझं मत बदललं ते एका शीतगृहामुळे. शहराबाहेर एका औषधवाल्यांचं मोठं गोदाम होतं, लसींचं. तिथलं तापमान दर तासाला आमच्या स्क्रीनवर यायचं, आणि आठवडाभर ते चार अंश म्हणजे चारच येत होतं. मी खूश. गिऱ्हाईक खूश. अण्णांनी तो तक्ता पाहिला आणि चपला घालायला लागले. मी विचारलं, आता काय झालं? तर म्हणे, दिवसातून दहा वेळा दार उघडतंय, ट्रक येतायत जातायत, आणि आकडा जागचा हलत नाही? आकडा एवढा शहाण्यासारखा वागायला लागला की उठून जाऊन बघायचं. आम्ही गेलो. तापमान मोजणारं यंत्र केव्हाच बंद पडलं होतं, आणि आमचं सॉफ्टवेअर शेवटचा आकडा पुन्हा पुन्हा पाठवत होतं. लसी वाचल्या, थोडक्यात. परतीच्या वाटेवर अण्णा मला कढीपत्त्याच्या जाती सांगत होते. ‘जाऊन बघणं’ हा धडा मी त्या दिवसापासून नव्या लोकांना शिकवत आले. किती वर्षं शिकवतेय... आणि शिकवणारीनेच तो पाळला नाही.

अण्णा निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. मूलबाळ नव्हतं. हुबळीला एक पुतण्या, तो सणावारी फोन करायचा. मी रविवारी जयनगरला जायला लागले. लोकांना वाटायचं, किती करते ही म्हाताऱ्याचं. खरं सांगायचं तर गरज माझी होती. आईवडील गेल्यावर नागपूर संपलं, लग्न केलं नाही, आणि ऑफिसात दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलून जीभ सुकलेली असायची. आठवड्यात एकदा कुणीतरी ‘ये की ग, स्वल्प कॉफी घे’ म्हणायचं, तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

अशाच एका रविवारी त्यांनी कपाटातून एक नवी वही काढली. म्हणाले, घराची केलीय. गॅस, गीझर, जिन्यातला निसरडा टप्पा, सगळं लिहिलेलं. मी हसायला लागले. पण पहिल्याच ओळीवर त्यांचं बोट होतं.

“हिला मालक नाही,” ते म्हणाले.

ओळ होती, ‘मी एकटा आहे.’

मी म्हटलं, शेजारी पद्मक्का आहेत की. तर म्हणाले, ती अर्धा महिना म्हैसूरला असते, आणि ती घाबरते. तू चिडतेस. चिडलेलं माणूस लवकर पोहोचतं. मग आम्ही दोघांनी एखाद्या प्रोजेक्टसारखं ते ठरवलं. रोज सकाळी सातच्या सुमारास ते मला ‘सरी’ एवढंच लिहून पाठवणार. मी अंगठा पाठवणार. सव्वासातपर्यंत मेसेज आला नाही तर मी फोन करायचा, उचलला नाही तर किल्ली घेऊन निघायचं. शेवटच्या रकान्यात त्यांनी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं, वैशाली. मला त्या वेळी काय वाटलं सांगू? कुणाच्या तरी कागदावर आपलं नाव आहे याचं फार बरं वाटलं.

सुरुवातीला मेसेज कधी पावणेसातला यायचा, कधी सात-दहाला, कधी नुसतं ‘स’ येऊन मागून ‘री’ यायचं. एका सकाळी आलाच नाही. फोन वाजून बंद. पद्मक्का म्हैसूरला. मी गिऱ्हाइकाची महत्त्वाची मीटिंग अर्ध्यात टाकून रिक्षात बसले, ट्रॅफिकमध्ये सगळे देव आठवले, आणि गेटशी उतरते तर अण्णा बाजारातून येतायत, हातात पिशवी. फोन चार्जिंगला लावून विसरून गेले होते. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच डोकं फिरलं. रस्त्यात उभी राहून मी म्हणाले, “दिवसातलं एवढं एक काम आहे अण्णा, तेही वेळेवर जमत नाही तुम्हाला? मला नोकरी आहे.” त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाले, तप्पायतु, म्हणजे चुकलं माझं. कॉफीसुद्धा न घेता मी तशीच परतले.

त्यानंतर त्यांचा मेसेज कधीही चुकला नाही. सात म्हणजे सात. सहा-एकोणसाठ नाही, सात-एक नाही. वर्षभराहून जास्त काळ रोज, ठोक्याला. मी मनात म्हटलं, चला, रागावण्याचा उपयोग झाला. हळूहळू मी मेसेज उघडेनाशी झाले, वरच्या वर अंगठा पाठवून ब्रश करायला जायची. रविवारही गळायला लागले. रोज खुशाली कळतेय ना, मग पुढच्या आठवड्यात जाऊ... त्यातले कितीतरी पुढचे आठवडे तसेच निघून गेले. जागचा हलत नसलेला आकडा मला रोज सकाळी दिसत होता आणि मी उठून जाऊन बघितलं नाही.

त्या गुरुवारी त्यांचा फोन उशाशी होता, चार्जिंगची वायर लावलेला. मी तो उघडला तेव्हा समजलं. मेसेज आधी लिहून, वेळ लावून ठेवता येतो, हे मीच त्यांना कधीतरी जुन्या मित्रांच्या वाढदिवसांसाठी शिकवलं होतं. अण्णा दर रविवारी बसून पुढच्या सात दिवसांचे ‘सरी’ भरून ठेवत होते. मला पुन्हा मीटिंग सोडून धावावं लागू नये म्हणून. जोखमीत आयुष्य घालवलेल्या माणसाला आपण काय करतोय ते कळत नव्हतं असं कसं म्हणू? त्यांना पक्कं कळत होतं. माझा त्रास वाचवायला त्यांनी स्वतःची खूण पुसून टाकली. सगळे मला समजावतात की झोपेत गेले, तू वेळेवर गेली असतीस तरी काही झालं नसतं. डॉक्टरही तेच म्हणाले. असेल. पण ओळ काही ‘मी मरेन’ अशी नव्हती. ‘मी एकटा आहे’ अशी होती, आणि ते तीन दिवस एकटे पडून होते. मालक मी होते. याची लाज कुठे ठेवू ते मला कळत नाही.

शुक्रवारी अंत्यसंस्कार झाले. त्या सकाळीही सातला ‘सरी’ आलं. रविवारपर्यंतचे भरलेले होते. पुसता आले असते, मी पुसले नाहीत, पुतण्यालाही काही बोलले नाही. शनिवारी आला, रविवारी आला. मी दोन्ही दिवस सातच्या आधी उठून फोन हातात धरून बसले होते. सोमवारी पुतण्या हुबळीला परत गेला. सात वाजले, सव्वासात झाले, काही आलं नाही. मी किल्ली घेतली आणि निघाले. वेडेपणा होता हे मला समजत होतं. पण ठरलं होतं तसं एकदा तरी करायचं होतं.

घरात कॉफीचा वास नव्हता, एवढंच आधी जाणवलं. वही कपाटात होती. माझ्या नावाची ओळ वाचली आणि पहिल्यांदाच तिच्या खालची वाचली. ‘वैशाली एकटी आहे.’ पहिली खूण, आठच्या आत अंगठा आला नाही. काय करायचं, फोन, मग रिक्षा. मालक, मी. मागच्या पानांवर रोजच्या तारखा आणि पेन्सिलीच्या बारीक खुणा, ते गेले त्या सोमवारपर्यंत. माझा अंगठा आला की नाही ते रोज बघत होते. गेल्या वर्षी मला तापाने ग्लानी आली होती तेव्हा नऊ वाजता दारात उभे होते, डब्यात सारू, म्हणजे त्यांच्याकडचं सार, घेऊन. म्हणाले होते, इकडं काम होतं, सहज आलो. महादेवपुऱ्यात सत्तरीच्या माणसाचं काय काम असणार, हे मी तेव्हाही विचारलं नाही.

मी त्यांच्या खुर्चीत बसून रडले, मोठ्याने, ऐकायला कुणी नव्हतं म्हणून. मग बिनमालकाच्या ओळीचा त्यांचा नियम आठवला आणि वही घेऊन शेजारी गेले. पद्मक्कांना अण्णांच्या शेजाराने मराठी बऱ्यापैकी कळतं. माझ्या मोडक्या कानडीत आणि त्यांना कळेल तेवढ्या मराठीत मी ते मागितलं. असं काही मागायची सवय नसल्यामुळे तीनदा सुरुवात करावी लागली. रोज सकाळी मी तुम्हाला मेसेज करीन, नाही आला तर तुम्ही मला फोन करायचा. अक्का लगेच हो म्हणाल्या, माझा हातही धरला. मी पेन काढलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “आणि तू उचलला नाहीस तर? तुझ्या दाराची किल्ली कुणाकडं आहे?”

दुसरी किल्ली माझ्याच कपाटात आहे. घराच्या आत.