पाहुण्यांचा भोपळा

तीसेक हजार माणसांनी एकाच वेळी माझी हुर्यो उडवली आहे, आणि मी राजकारणात कधीच नव्हतो.

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, एडिसनला राहायचो. माझी नऊ वर्षांची लेक शिल्पा बेसबॉलसाठी वेडी होती. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: खऱ्या मॅचमधून प्रेक्षकांत आलेला चेंडू. "मी पकडून देतो!" असं मी छाती ठोकून सांगितलं. (मी डोंबिवलीच्या गल्लीत स्लिपला उभा राहायचो. कॅच किती घेतले हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.) त्यातच पुण्याहून सासरे आले होते. अण्णा, निवृत्त हेडमास्तर! त्यांच्यासमोर चमकायची अशी संधी पुन्हा कुठे मिळणार? मी तिकिटं काढली. बायको म्हणाली, "मी घरीच बरी." ती माझ्यापेक्षा हुशार आहे.

आमच्या जागा पाहुण्या टीमच्या बाकांच्या मागेच होत्या. यजमानांनी पहिल्यापासून धुलाई आरंभली. थोड्याच वेळात बोर्डावर त्यांचे अकरा रन झाले आणि पाहुण्यांपुढे नुसती शून्यांची माळ!

"जावईबापू, ते 'व्हिजिटर' म्हणजे पाहुणेच ना?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"मग पाहुण्यांना असं वागवतात? एक तरी रन द्या की त्यांना!"

"अण्णा, ही मॅच आहे, पंगत नव्हे."

पण अण्णा ऐकतायत कसले! पाहुण्यांचा गडी आऊट झाला की ते उभे राहून टाळ्या वाजवायचे आणि प्रार्थनेच्या मैदानावरच्या आवाजात ओरडायचे, "वेल ट्राइड, माय बॉय!"

"आजोबा, राँग टीम!" शिल्पा त्यांचा सदरा ओढायची. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मी पॉपकॉर्नच्या खोक्यात तोंड घातलं.

शेवटचा डाव आला तरी पाहुण्यांचा भोपळा फुटेना. तेवढ्यात त्यांच्या एका गड्याने मारलेला चेंडू उंच उडून थेट आमच्याच दिशेने आला. मी डोळे मिटले, हात पुढे केले, आणि तो हातात बसला! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बाबा, यू गॉट इट!" शिल्पाने नाचत ग्लोव्ह पुढे केला.

आणि अण्णा गरजले, "जावईबापू, चेंडू द्या त्यांचा! खेळ खोळंबलाय!"

आमच्या गल्लीत चेंडू दाबून ठेवणाऱ्याच्या नावाने पिढ्यान्पिढ्या बोटं मोडली जायची. माझा हात आपोआप फिरला. मी तो चेंडू मैदानात फेकला, तोही ऐटीत! (पिचरच्या हातात केव्हाच दुसरा चेंडू होता, हे मला काय ठाऊक?) दोन टप्पे घेऊन तो अंपायरच्या पोटरीवर बसला. अंपायरने खेळ थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग अख्ख्या स्टेडियमने पाहिलं, आणि हुर्यो सुरू झाली!

गणवेशातला एक माणूस धावत आला. "सर, यू कीप द बॉल! एव्हरीबडी कीप्स द बॉल!"

"आम्ही परत देतो," मी त्याला चक्क मराठीत सांगितलं.

शिल्पा रिकाम्या ग्लोव्हकडे बघत बसली. मला जागच्या जागी गडप व्हावंसं वाटत होतं.

मॅच अकरा-शून्यावर संपली. पाहुणे माना खाली घालून परतले, तेव्हा त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणारा एकच माणूस उभा होता. त्यांचा ढेरपोट्या कोच कठड्याशी आला. त्याने टोपी काढली आणि खिशातला एक चेंडू अण्णांना दिला.

"सर, यू वेअर अवर ओन्ली फॅन टुडे."

अण्णांनी चेंडू नातीच्या ग्लोव्हमध्ये ठेवला. ती किंचाळत त्यांच्या गळ्यात पडली. माझा जीव भांड्यात पडला आणि मीही हात पुढे केला. "बघू गं जरा."

तिने ग्लोव्ह झटकन पाठीमागे नेला. "नो, बाबा! यू विल गिव्ह इट बॅक!"

पुढे शिल्पाचं लग्न झालं, मुलगी झाली. हॉस्पिटलात तिने ते दोन दिवसांचं तान्हं बाळ बिनधास्त माझ्या हातात दिलं. चेंडू मात्र अजून दिलेला नाही.